चित्रपट संग्रहाच्या ऑनलाइन सूचीत शोध कसा घ्यायचा : वही, स्पेलिंग, फूट आणि मिनिटं

महिन्यातून दोन-तीन तरी मेल असे येतात : ‘अमुक संग्रहाच्या सूचीत शोधलं, शून्य निकाल. म्हणजे सिनेमा नष्टच झाला ना?’ मी उलट विचारतो, टाइप काय केलं होतं? उत्तर ठरलेलं असतं. सिनेमाचं नाव, आपल्याला येतं त्या स्पेलिंगमध्ये, एकदाच.

यूट्यूबवर चुकीचं लिहिलं तरी चालून जातं, ते अंदाज बांधतं. संग्रहाची सूची अंदाज बांधत नाही. ती गोदामातल्या डब्यांची नोंदवही आहे. डब्यावर जे लिहिलं होतं ते कुणीतरी कधीतरी कार्डावर उतरवलं, कार्डावरून दुसऱ्या कुणीतरी संगणकात भरलं. त्या दोघांना मराठी येत असेलच असं नाही. तेव्हा आपण शोधायचं ते या माणसांनी काय लिहिलं असेल, ते. पुढचे सगळे टप्पे याच एका गोष्टीभोवती आहेत, आणि ते याच क्रमानं करा. बहुतेक लोक तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात.

## टप्पा १ : संगणक उघडण्याआधी वही

एका पानावर एक सिनेमा. वर नाव, खाली ही माहिती :

- नाव मूळ लिपीत, आणि ज्या ज्या नावांनी तो दाखवला गेला ती सगळी
- भाषा, आणि दुसऱ्या भाषेत आवृत्ती निघाली होती का
- प्रदर्शनाचं वर्ष, आणि मागेपुढे दोन वर्षांची सूट
- दिग्दर्शक, निर्मिती संस्था, किमान तीन कलाकार
- लांबी : फुटांत, मीटरमध्ये किंवा मिनिटांत, जशी मिळेल तशी
- तुम्हाला नेमकं काय हवं : पाहायचाय, त्यातला तुकडा माहितीपटात वापरायचाय, की फक्त प्रत कुठे आहे एवढंच कळायला हवं

पर्यायी नावांची गोष्ट हलक्यात घेऊ नका. हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचा १९२५ चा ‘प्रेम संन्यास’ परदेशी सूचींत ‘द लाइट ऑफ एशिया’ या नावानं सापडतो. १९२९ चा ‘प्रपंच पाश’ हा ‘ए थ्रो ऑफ डाइस’ असतो. दोन्ही जर्मनीच्या भागीदारीत बनले, त्यामुळे जर्मन संग्रहात त्यांची तिसरीच नावं असतात. वहीत एकच नाव असेल तर तीनपैकी दोन दारं तुम्ही स्वतःच बंद करून ठेवलीत.

मराठीवाल्यांसाठी यापेक्षा मोठा खड्डा द्विभाषिक सिनेमांचा. प्रभातचे कितीतरी चित्रपट मराठीत आणि हिंदीत वेगवेगळे चित्रित झाले : ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’, ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. हे डबिंग नव्हे, स्वतंत्र चित्रपट आहेत. सूची करणारा मात्र दोन्हींना एकाच नोंदीत घालून दुसरं नाव ‘पर्यायी शीर्षक’ म्हणून टाकून मोकळा होतो.

माझी फजिती सांगतो. एका संग्रहात (नाव नको) ‘कुंकू’ची नोंद सापडली. अर्ज केला, तारीख मिळाली, रात्रभर प्रवास करून पोहोचलो. प्रत लावली, पहिला संवाद आला तो हिंदीत. घरी येऊन नोंद पुन्हा उघडली. शीर्षक ‘कुंकू’च होतं, पण बरंच खाली, भाषेच्या रकान्यात ‘हिंदी’ लिहिलेलं. मी तेवढं खाली गेलोच नव्हतो.

म्हणून कलाकारांची नावं. ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ दोन्ही १९४१ चे, दोन्हींत गजानन जागीरदार. पण मराठीत त्यांच्यासमोर केशवराव दाते आहेत आणि हिंदीत मझहर खान. भाषेचा रकाना कोरा असला तरी कलाकारांच्या यादीत यांपैकी कोण आहे ते पाहिलं की आवृत्ती कळते. प्रत्येक द्विभाषिक चित्रपटासाठी असा एक तरी ‘ओळखीचा माणूस’ आधी शोधून वहीत लिहून ठेवा.

ही माहिती कुठून मिळते? सर्वांत भरवशाची जागा म्हणजे थिएटरबाहेर विकली जायची ती गाण्यांची पुस्तिका. श्रेयनामावली तीत जशीच्या तशी असते आणि नावांची त्या काळची इंग्रजी स्पेलिंगही असतात. ती स्पेलिंग सोन्यासारखी जपा, कारण बऱ्याचदा सूचीत तीच उतरलेली असतात. सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालं तर लांबी आणि भाषा पक्की होते. ऑनलाइन सुरुवातीला इंडियनसिने डॉट एमए पाहा. तिथे भारतीय चित्रपटांची नावं, वर्षं, श्रेयं एकत्र आहेत. तो कोश आहे, प्रत कुठल्या गोदामात आहे हे सांगणं त्याचं काम नाही.

तपासून पाहा : पानावर किमान दोन नावं, तीन माणसं आणि एक लांबी आहे? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : कुठल्या दाराशी जायचं

सगळ्या ‘आर्काइव्ह’ एकसारख्या नसतात. इथे गोंधळ झाला की चार दिवस वाया.

कथापटांच्या प्रती जपणारे संग्रह हा पहिला प्रकार. आपल्यासाठी पहिलं दार पुण्याचंच, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. २०२२ मध्ये ते आणि फिल्म्स डिव्हिजन दोन्ही एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाले, त्यामुळे नव्या कागदपत्रांत ‘एनएफडीसी-एनएफएआय’ असं नाव दिसेल. जुन्या लेखातला पत्ता किंवा मेल उचलून अर्ज पाठवू नका. परदेशात लंडनची ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट. मूकपटांसाठी जागतिक संग्रह महासंघाचा, म्हणजे फिआफचा, ‘ट्रेझर्स फ्रॉम द फिल्म आर्काइव्ह्ज’ हा डेटाबेस आहे. कोणत्या देशात कोणता मूकपट शिल्लक आहे ते त्यात एकत्र पाहता येतं.

दुसरा प्रकार बातमीपट आणि वसाहतकाळातल्या चित्रणाचा. ‘कलोनियल फिल्म’ या सूचीत ब्रिटिश साम्राज्यातल्या ६,००० हून अधिक चित्रफितींची माहिती आहे, पण घरबसल्या पाहता येतात त्या दीडशेच्या आसपास. लोक ही सूची उघडतात, व्हिडिओ दिसत नाही म्हणून बंद करतात. माहिती वाचायचीच राहते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट-दूरचित्रवाणी संग्रहात एकट्या हर्स्ट कंपनीच्या बातमीपटांचं सुमारे २ कोटी ७० लाख फूट चित्रण आहे. १९३०-४० च्या दशकांतला भारत शोधणाऱ्यांनी तिथे डोकावायलाच हवं.

तिसरा प्रकार दूरचित्रवाणी. त्यासाठी टप्पा ६ वेगळा ठेवलाय.

सावधान : कार्यक्रमपत्रिकेचा डेटाबेस म्हणजे संग्रहाची सूची नव्हे. बीबीसीचा ‘जीनोम’ १९२३ ते २००९ मधली ‘रेडिओ टाइम्स’ची पानं शोधू देतो. त्यावरून एखादा कार्यक्रम छापील वेळापत्रकात होता एवढंच कळतं. तो जपला गेला का, याचं उत्तर तिथे नाही. टेप महाग असायच्या, पुसून पुन्हा वापरायची पद्धत जगभर होती.

## टप्पा ३ : एका नावाची तीन स्पेलिंग

रोमन लिपीत मराठी लिहिण्याच्या तीन तऱ्हा सूचींत सापडतात. तिन्ही वहीत लिहा.

पहिली, आपण व्हॉट्सॲपवर लिहितो ती. दुसरी, जुन्या पोस्टरवरची आणि पुस्तिकेवरची. ‘आई’तला ‘आ’ कुठे दोन ‘ए’ लावून, कुठे एकच. ‘ई’ कुठे ‘आय’, कुठे दोन ‘ई’. ‘संत तुकाराम’च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक, फत्तेलाल, त्यांचं नाव कुठे दोन ‘टी’ घेऊन येतं, कुठे एकाच ‘टी’वर भागवतं, कुठे फतेहलाल होतं. फाळक्यांची नोंद ‘दादासाहेब’खाली नसेल तर ‘डी. जी.’ खाली असेल, नाहीतर पूर्ण ‘धुंडिराज गोविंद’.

तिसरी तऱ्हा माहीत नसल्यामुळे सगळ्यात जास्त लोक हरतात. अमेरिकेतली विद्यापीठं आणि ग्रंथालयं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतर नियमांनी चालतात. त्या नियमांत ‘श’ म्हणजे वर तिरकी रेघ दिलेला ‘एस’, ‘च’ म्हणजे नुसता ‘सी’, आणि आपण न उच्चारलेला ‘अ’ही लिहायचा. परिणाम पाहा. ‘श्यामची आई’ या नावात ‘एच’ हे अक्षर एकदाही येत नाही! अक्षरं अशी : एस-वाय-ए-एम-ए-सी-आय, मग ए-आय. आपल्या वाचनात ते ‘स्यामासी आइ’ होतं. तुम्ही ‘एच’ घालून कितीही वेळा शोधा, ही नोंद हाती लागणार नाही. तसंच ‘संत तुकाराम’च्या दोन्ही शब्दांना शेवटी एकेक जादा ‘ए’ चिकटतो. रेघा आणि टिंबं टाइप करायची गरज सहसा नसते, बहुतेक सूची ती गाळूनच शोधतात. जादा अक्षरं मात्र घालावीच लागतात.

यावरचा सोपा उपाय म्हणजे तारांकन. टी-यू-के-ए-आर एवढं लिहून पुढे * लावलं की ‘तुकाराम’ची साधी आणि ग्रंथालयी दोन्ही रूपं जाळ्यात येतात. स्पेलिंग जिथून बदलतं त्याच्या आधी शब्द तोडा. ‘श्याम’साठी मात्र हे चालणार नाही, कारण फरक दुसऱ्याच अक्षरात आहे. तिथे दोन वेगळे शोध घ्यावे लागतात. सगळ्याच सूचींना तारांकन कळतं असंही नाही, म्हणून मदतीचं पान आधी उघडा. पाच मिनिटांचं वाचन असतं आणि ते कुणीही करत नाही.

गावांची नावं त्या काळातली घाला. मुंबईचं नाव अधिकृतपणे बदललं १९९५ मध्ये. त्याआधीच्या चित्रणाच्या नोंदीत ‘बॉम्बे’च असणार, आणि जुनी नोंद कुणी बसून सुधारत नाही. पुण्याला ‘पूना’, सोलापूरला ‘शोलापूर’, नाशिकला ‘नासिक’, ठाण्याला ‘ठाना’. बातमीपटांत तर कॅमेरामनच्या चिठ्ठीवरचं स्पेलिंग तसंच उतरलेलं असतं. गांधींच्या नावातला ‘एच’ चुकीच्या जागी गेलेला आजही दिसतो, त्यामुळे तोही एक शोध घेऊन टाका.

इंग्रजी शीर्षकाच्या सुरुवातीचं ‘द’ किंवा ‘ए’ गाळा. शीर्षकांची वर्णानुक्रमे यादी देणाऱ्या सूचींत ‘द लाइट ऑफ एशिया’ हा ‘एल’खाली असतो.

## टप्पा ४ : शोधाचा क्रम

आधी सूचीचीच परीक्षा घ्या. जो सिनेमा त्या संग्रहात नक्की आहे तो शोधून पाहा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं ‘शिराझ’ या १९२८ च्या मूकपटाचं पुनरुज्जीवन करून २०१७ मध्ये तो दाखवला, म्हणजे त्यांच्याकडे तो आहेच. त्यांच्या सूचीत तो शोधा. नोंद कशी दिसते, वर्ष कुठे येतं, पर्यायी नावं दाखवतात का, प्रतींची माहिती कुठल्या टॅबखाली आहे, हे सगळं इथे शिकून घ्या. ओळखीचा सिनेमाच सापडला नाही तर चूक तुमच्या शोधात आहे हे निदान लगेच कळतं.

मग असा क्रम :

१. साध्या शोधात शीर्षकातला सर्वांत दुर्मीळ असा एकच शब्द. वर्ष नाही, भाषा नाही, देश नाही. ‘संत’ टाकलात तर शेकडो संत येतील, ‘तुकाराम’ टाका.

२. तोच शब्द उरलेल्या स्पेलिंगमध्ये.

३. पर्यायी शीर्षकं, एकेक करून.

४. दिग्दर्शकाचं नाव, मग निर्मिती संस्थेचं. ‘प्रभात’ या एका शब्दानं कधीकधी असं काही वर येतं जे शीर्षकानं आलं नसतं, कारण शीर्षकाच्या जागी ‘अनोळखी मराठी चित्रपट, रीळ ३’ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

५. कलाकार.

६. आणि आता, निकाल खूप असतील तरच, वर्षाची चाळणी. तीही पाच वर्षांच्या पट्ट्यात.

लोक हे बरोबर उलटं करतात. ‘प्रगत शोध’ उघडून सहाही रकाने भरतात आणि सूची शून्य दाखवते, कारण नोंदीत वर्षाचा रकाना रिकामा होता. रकाना जितका जास्त भराल तितकी एखाद्या रिकाम्या रकान्यावर आपटण्याची शक्यता वाढते. वर्षावर तर मुळीच विसंबू नका. कुणी निर्मितीचं वर्ष लिहितं, कुणी प्रदर्शनाचं, कुणी सेन्सॉरचं, कुणी हातात असलेली प्रत छापली त्याचं.

नामसाधर्म्यही पाहा. ‘संत तुकाराम’ १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा. १९३८ मध्ये तमिळमध्ये ‘तुकाराम’ झाला, २०१२ मध्ये मराठीत ‘तुकाराम’ आला. शीर्षक जुळलं म्हणून उडी मारू नका, वहीतल्या तीन माणसांपैकी दोन तरी नोंदीत सापडू द्या.

प्रत्येक शोध वहीत टिपा : तारीख, सूची, नेमकी अक्षरं, निकालांची संख्या. शून्य आलं तर शून्य लिहा. दोन महिन्यांनी तोच शोध पुन्हा घेण्याचा शहाणपणा आपण सगळेच करतो.

तपासून पाहा : ‘सापडलं नाही’ म्हणण्याआधी एका सूचीत किमान आठ-दहा वेगवेगळे शोध झालेत का?

## टप्पा ५ : सापडलेली नोंद वाचायची कशी

नोंद उघडली की सिनेमा आणि प्रत वेगळी करा. चांगल्या सूचींत वर कलाकृतीची माहिती असते आणि खाली एकेका प्रतीची. कथासार, श्रेयनामावली, पोस्टर सगळं असूनही खाली एकही प्रत नसू शकते. अशी नोंद म्हणजे संग्रहाला त्या सिनेमाची माहिती आहे, इतकंच. ‘त्यांच्याकडे आहे’ अशी आरोळी समाजमाध्यमांवर ठोकण्याआधी खालचा भाग वाचा.

प्रतीच्या ओळीत तीन गोष्टी पाहायच्या.

एक, ती कशावर आहे. ३५ मिमी, १६ मिमी, की टेप. ‘पाऊण इंच’ लिहिलं असेल तर ती यू-मॅटिक, म्हणजे जुन्या पद्धतीची व्हिडिओ कॅसेट. ‘नायट्रेट’ असेल तर पाहण्याची आशा सोडा. ती फिल्म पेट घेणारी, ती पाहणाऱ्याच्या हातात कुणी देत नाही. त्याच सिनेमाची दुसरी प्रत आहे का ते बघा.

दोन, प्रत कसली आहे. मूळ निगेटिव्ह, ड्यूप निगेटिव्ह (म्हणजे निगेटिव्हची नक्कल), मास्टर ही जपायची सामग्री, ती बाहेर निघत नाही. तुमच्या कामाची असते ती पाहण्यासाठीची प्रत. नोंदीत नुसतं निगेटिव्ह असेल तर अर्जात ‘पाहण्यायोग्य प्रत उपलब्ध आहे का’ असा प्रश्न विचारायचा. सरळ तारीख मागायची नाही.

तीन, लांबी. इथे थोडं गणित आहे, पण एकदा हातात बसलं की जन्मभर कामाला येतं.

३५ मिमी बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम) चालतो. एका फुटात १६ चौकटी, म्हणून मिनिटाला ९० फूट. १६ मिमीच्या फुटात ४० चौकटी, म्हणून मिनिटाला ३६ फूट. ‘संत तुकाराम’ १३१ मिनिटांचा आहे. म्हणजे पूर्ण ३५ मिमी प्रत साधारण ११,८०० फूट हवी, आणि १६ मिमी प्रत ४,७०० फुटांच्या आसपास. नोंदीत ४,७०० आकडा पाहून ‘अर्ध्याहून जास्त गायब’ म्हणणारे मला भेटलेत. आधी मिमी बघा.

आणखी एक चकवा टेपचा. आपल्याकडच्या आणि ब्रिटनच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी चालतात, त्यामुळे सिनेमा चार टक्क्यांनी आखडतो. १३१ मिनिटांचा सिनेमा पाल टेपवर सुमारे १२६ मिनिटांत संपतो. पाच मिनिटं कुणी कापलेली नाहीत.

मूकपटांत वेगच ठरलेला नव्हता. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट सांगतात. मिनिटाला ९० फूट धरले तर ४१ मिनिटं, सेकंदाला १६ चौकटींच्या हिशेबानं ६० फूट धरले तर ६२. दोन ठिकाणी दोन मिनिटं लिहिलेली दिसली तर भांडायला जाऊ नका, फूट विचारा. याच सिनेमाच्या बाबतीत दुसरी खबरदारीही घ्या. पहिलं आणि शेवटचं रीळ म्हणून जे आज पाहायला मिळतं ते १९१३ चं नसून फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’चं आहे, असं काही अभ्यासकांचं मत आहे. वहीत दोन्ही वर्षं ठेवा.

रिळांची संख्याही फसवते. १,००० फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं, पण काही संग्रह दोन-दोन रिळं जोडून मोठ्या रिळावर ठेवतात. एकाकडे बारा आणि दुसऱ्याकडे सहा म्हणजे एकच सिनेमा असू शकतो. ‘रीळ १, २, ४, ५’ असं लिहिलेलं असेल तेव्हा मात्र थांबा. तिसरं खरोखरच नाही.

## टप्पा ६ : दूरचित्रवाणी असेल तर तारीख पकडा

टीव्हीच्या सूचीत मालिकेचं नाव वर, भागाचं नाव आत. भागाच्या नावानं शोधून काही आलं नाही तर मालिकेच्या नावानं जा आणि प्रक्षेपणाच्या तारखांवरून खाली उतरा. बातम्यांमध्ये तर शीर्षक नसतंच, तारीखच सर्वस्व.

किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण घ्या. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या टेलिव्हिजन न्यूज आर्काइव्हमध्ये ५ ऑगस्ट १९६८ पासूनच्या राष्ट्रीय वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्यांची नोंद आहे. प्रत्येक बातमीचा छोटा गोषवाराही आहे. सूची कुणालाही शोधता येते, चित्रण पाहण्यासाठी मात्र वेगळी मागणी करावी लागते.

भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना. म्हणून आपण ३० तारीख टाकतो. पण तेव्हा न्यूयॉर्कमध्ये २९ सप्टेंबरची संध्याकाळ होती, साडेसहाच्या बातम्यांना पाच मिनिटं उरली होती. म्हणून शोध २९ पासून सुरू करा आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत न्या, कारण मदतकार्याच्या बातम्या नंतर येत राहतात.

शब्दही बदला. गोषवारा लिहिणाऱ्यानं ‘किल्लारी’ लिहिलं असेलच असं नाही, आणि लिहिलं असेल तर एका ‘एल’नं की दोन, ‘के’नंतर ‘एच’ घालून की न घालता, सांगता येत नाही. ‘इंडिया’ आणि ‘अर्थक्वेक’ हे दोन शब्द आणि तारखांचा पट्टा एवढंच पुरे. नंतर ‘लातूर’, ‘महाराष्ट्र’, ‘बॉम्बे’.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याआधीची ‘मुंबई दूरदर्शनची टेप’ कुणी शोधायला सांगितली तर आधी त्या माणसाला तारीख पुन्हा विचारा.

## टप्पा ७ : तरीही शून्य

सूची म्हणजे पूर्ण साठा नव्हे. प्रत्येक संग्रहात नोंद व्हायची राहिलेली सामग्री असते, आणि अंतर्गत नोंदींतला काही भागच ऑनलाइन येतो. म्हणून शून्याचा अर्थ ‘अजून ऑनलाइन दिसत नाही’ इतकाच घ्या.

फिल्म नसेल तर कागद शोधा. पुस्तिका, स्थिरचित्रं, पोस्टर, सेन्सॉरची कागदपत्रं बऱ्याचदा वेगळ्या सूचीत असतात, आणि फिल्मच्या चौकटीत शोधत बसलात तर ती कधीच दिसत नाहीत. प्रबंधासाठी कित्येकदा तेवढ्यावर भागतं. त्यानंतर संग्रहाला मेल.

## टप्पा ८ : मागणीचा मेल

‘मला जुने मराठी चित्रपट हवे आहेत, कृपया माहिती द्यावी’ या मेलला उत्तर येत नाही, आणि येऊही नये. असं लिहा :

*सप्रेम नमस्कार. ‘शेजारी’ (प्रभात, १९४१, मराठी, केशवराव दाते, गजानन जागीरदार) या चित्रपटाची नोंद आपल्या ऑनलाइन सूचीत अमुक क्रमांकावर आहे. भाषेचा रकाना रिकामा दिसतो. ही प्रत मराठी आवृत्तीची आहे का? पाहण्यायोग्य प्रत उपलब्ध असल्यास संशोधनासाठी आपल्या आवारात पाहण्याची परवानगी हवी आहे. अमुक महिन्यातला कोणताही आठवडा चालेल. सोबत संस्थेचं पत्र जोडलं आहे.*

यात नोंदक्रमांक आहे, एकच शंका आहे, एकच मागणी आहे. क्रमांक हवाच. तो नसेल तर तुमचा शोध समोरच्या माणसाला पहिल्यापासून करावा लागतो. पडद्यावरचं छायाचित्र जोडायचं असेल तर नोंदीचा पत्ता आणि क्रमांक दोन्ही दिसतील असं घ्या. सूचीचं सॉफ्टवेअर बदललं की दुवे तुटतात, क्रमांक सहसा टिकतो.

हक्कांचा प्रश्न वेगळ्या मेलमध्ये. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. पण हक्क संपला म्हणून संग्रह फुकट प्रत देईल असं नाही, प्रत काढण्याचा खर्च आणि त्यांचे नियम राहतातच. आणि हक्क चालू असेल तर संग्रहाची परवानगी पुरत नाही, मालकाचं पत्रही लागतं.

एका मेलमध्ये तीनपेक्षा जास्त शीर्षकं घालू नका. उत्तर यायला वेळ लागतो, पंधरा दिवसांनी त्याच मेलखाली एक ओळीची आठवण करा. नवा मेल सुरू करू नका, नाहीतर तो दुसऱ्याच माणसाकडे जातो आणि सगळं पुन्हा सांगावं लागतं. तारीख मिळाली की निघण्याआधी फोन करून एवढं विचारा : प्रत कुठल्या भाषेतली आहे, आणि ती तुम्ही स्वतः लावून पाहिलीत का?